कामगार आरोग्य-उपक्रमांकडे वळत नाहीत. सहभाग कसा वाढवावा?

प्रश्न : शिरोली_मनुष्यबळ

नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. कायम आणि कंत्राटी मिळून आमच्याकडे सुमारे ४२० माणसे आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मोल्डिंग (वाळूचे साचे करणे), भट्टी व फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणे) या तीन विभागांत आहेत. काम तीन पाळ्यांत चालते. धूळ, उष्णता आणि ओझी उचलणे हे इथे रोजचेच असल्यामुळे कामगारांच्या प्रकृतीकडे कंपनीने लक्ष द्यावे, यासाठी मी दोन वर्षे व्यवस्थापनाच्या मागे लागले होते आणि गेल्या वर्षी त्यासाठी स्वतंत्र तरतूद मंजूर झाली.

त्यातून आम्ही पुष्कळ काही केले. २१ जूनला योगदिन साजरा केला आणि पुढे दर बुधवारी पहिली पाळी सुटल्यावर योगवर्ग सुरू केला. मोबाइलवर पावले मोजून दहा हजार पावलांची स्पर्धा घेतली, रविवारी सकाळी रंकाळ्यावर एकत्र फिरण्याचा कार्यक्रम ठेवला, तंबाखूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान ठेवले आणि रक्त व रक्तदाब तपासणीचे शिबिर घेतले. योगदिनाच्या छायाचित्रात साठ माणसे दिसतात. बुधवारच्या वर्गाला आज अकरा जण येतात आणि त्यांतील नऊ कचेरीतील आहेत. शिबिरासाठी नावे घेतली तेव्हा यादी दोनशेच्या वर गेली होती, पण प्रत्यक्ष रक्त द्यायला नव्वददेखील आले नाहीत. पावलांच्या स्पर्धेत पहिले तिन्ही क्रमांक हिशेब विभागाला मिळाले.

हे मी आकड्यांच्या काळजीने लिहीत नाही. मार्च महिन्यात दुसऱ्या पाळीत आमचा एक मोल्डर कामावरच कोसळला. वय सेहेचाळीस, सोळा वर्षांची नोकरी. रुग्णालयात नेल्यावर त्याची साखर चारशेच्या पुढे निघाली. शिबिराच्या यादीत त्याचे नाव होते आणि नावापुढची सहीची जागा कोरी होती. मी भेटायला गेले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “यायचं राहूनच गेलं, मॅडम.” ती कोरी जागा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता व्यवस्थापनाचे म्हणणे असे आहे, की योगवर्ग आणि शिबिर यांची हजेरी वार्षिक हजेरी-बक्षिसाशी जोडावी. जो येणार नाही त्याचे बक्षीस कापले जाईल आणि मग सगळे आपोआप येतील. मला हे पटत नाही, पण नुसते पटत नाही असे सांगून बैठकीत भागणार नाही. त्याऐवजी काय करावे, हेही मला मांडावे लागेल. ज्यांनी पाळ्यांच्या कारखान्यात असे उपक्रम चालवले आहेत त्यांचे, आणि ज्यांना अशा उपक्रमांना बोलावले गेले पण जावेसे वाटले नाही त्यांचेही, अनुभव मला हवे आहेत.

---

उत्तर १ : ग्राइंडरवाला

मॅडम, मी एकोणीस वर्षे फेटलिंगला ग्राइंडर चालवला आणि गेली सहा वर्षे आमच्या कारखान्यातील युनियनचे काम पाहतो. आमचा कारखाना वेगळा आहे, पण माणसे त्याच गावांची आहेत, म्हणून आधी त्यांचा दिवस आपल्यापुढे मांडतो.

आमच्या पहिल्या पाळीतील माणूस पहाटे साडेचारला उठतो. दोन म्हशींची धार काढून आणि दूध डेअरीत घालून तो सव्वासहाला फाट्यावर कंपनीच्या बससाठी उभा असतो. सात ते तीन तो पायांवर असतो. तीन वीसला सुटणारी बस चुकली, तर वडापच्या जीपला पदरचे पैसे घालून घर गाठावे लागते. घरी गेल्यावर वैरण आणायची असते, आणि ज्या आठवड्यात शेतीला रात्रीची वीज असते त्या आठवड्यात उसाला पाणी पाजायला रात्री पुन्हा रानात जायचे असते. अशा माणसाला तीन वाजता योगाच्या चटईवर बोलावणे म्हणजे बस सोडून दे म्हणून सांगणे आहे, आणि रविवारी रंकाळ्यावर बोलावणे म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर मोटारसायकल चालवून फिरायला ये म्हणून सांगणे आहे. तो आळशी नाही. आपल्या प्रकृतीची त्याला पर्वा नाही, असेही नाही. दिवसातला जो वेळ आपण त्याच्याकडे मागता आहात, तो त्याने आधीच दुसऱ्या कुणाला तरी दिलेला आहे.

म्हणून आमच्याकडे आम्ही पहिली मागणी अशी केली, की जे काही करायचे ते पाळीच्या आत आणि पगारी वेळेत करावे. पाळीच्या सुरुवातीला सुरक्षिततेच्या सूचना देण्यासाठी दहा मिनिटे सगळे एकत्र उभे राहतातच. त्यालाच जोडून सहा-सात मिनिटे खांदे, मनगटे आणि कंबर मोकळी करण्याची मिळाली. सुरुवातीला बाहेरून एक प्रशिक्षक येत. ते शिकवत ते योग्यच होते, पण त्यांच्यापुढे हात वर करायला माणसे लाजत. मग नॉकआउटवर, म्हणजे साचा फोडून ओतलेला भाग बाहेर काढण्याच्या जागी, काम करणाऱ्या, लहानपणापासून तालमीत घोटलेल्या एका कामगाराला आम्ही पुढे उभे केले. त्याने चटई मागितली नाही. एक रिकामा मोल्डिंग बॉक्स पुढे ओढला, पाय कुठे रोवायचे, बॉक्स पोटाशी कधी घ्यायचा आणि कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून कसे उठायचे, हे त्याने तीन वेळा उचलून दाखवले. त्याच दिवशी दुपारी मोल्डिंगवरची दोन-तीन पोरे एकमेकांना “पाय बघ, पाय” असे बजावताना मी ऐकली. आज जवळजवळ सगळी पाळी उभी राहते. नाव द्यावे लागत नाही, यादी होत नाही आणि बस चुकत नाही.

दुसरे म्हणजे, आपल्या ४२० मधील कंत्राटी किती आणि त्यांच्यापर्यंत शिबिराचे बोलावणे पोहोचले का, हे एकदा पाहावे. कंत्राटी कामगार त्याच भट्टीपुढे उभा असतो आणि तीच धूळ त्याच्या छातीत जाते, पण शिबिराला गेला तर ठेकेदार त्याचा तासाभराचा पगार धरतो. माझ्या माहितीत असेही झाले आहे, की भिंतीवर “सर्व कामगारांसाठी” असा फलक होता आणि टेबलावरच्या यादीत फक्त कायम कामगारांची नावे होती.

बक्षीस कापण्याविषयी कळकळीने सांगतो, हे होऊ देऊ नका. हजेरीचे बक्षीस आमच्या घरांत पगाराचाच भाग धरला जातो. मुलांच्या जूनमधल्या फीचा हिशेब त्यावर बांधलेला असतो. ते कापण्याची भीती घातली तर माणसे येतील, सही करतील आणि त्या सहीच्या पलीकडे काहीही देणार नाहीत. आपला मोल्डर “राहूनच गेलं” म्हणाला. मॅडम, त्या शब्दांवर थांबू नका. सोळा वर्षे पाळी न चुकवणाऱ्या माणसाचे असे काही सहज राहून जात नाही.

एक मार्ग हाताशी आहे, तोही सुचवतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कँटीनची तरतूद केली, तेव्हाच कँटीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत, हेही त्यात धरले होते. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावरच राहिली आहे. आपल्याकडे ती असेल तर तिला जिवंत करावे आणि कोणता उपक्रम, कोणत्या पाळीत, किती वाजता, हे तिलाच ठरवू द्यावे.

---

उत्तर २ : निवृत्त_कारखाना_डॉक्टर

वरच्या उत्तरातील “त्या शब्दांवर थांबू नका” हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. मी बावीस वर्षे निरनिराळ्या कारखान्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आणि कामगार तपासणी का टाळतात, हे मला पहिल्या काही वर्षांत उमगले नव्हते.

त्या काळात आम्ही कँटीनमध्ये टेबल मांडून शिबिर घेत असू. रांग टेबलाला खेटून असे. एक सहायक रक्तदाब मोजून आकडा मोठ्याने सांगे आणि दुसरा तो लिहून घेई. एका शिबिरात “एकशे ऐंशी, एकशे दहा” असे शब्द उमटले आणि रांगेतील मागचे दोघे तिथूनच वळून निघून गेले. ज्याचा तो आकडा होता, तो क्रेन चालवणारा कामगार बाही खाली ओढून बराच वेळ तसाच बसून राहिला. त्या आठवड्यात त्याला क्रेनवरून उतरवले गेले आणि त्याचा भत्ता बंद झाला. काही दिवस उतरवणे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होते. पण औषधाने रक्तदाब आटोक्यात आल्यावर त्याला पुन्हा क्रेनवर घेण्याची कोणतीही लेखी पद्धत त्या कंपनीत नव्हती, आणि त्याला घेतलेही गेले नाही. पुढच्या वर्षीच्या शिबिराला क्रेन विभागातून एकही माणूस आला नाही. त्यांचा हिशेब चोख होता: रोग कळल्याने उपचार मिळेल की नाही हे अनिश्चित होते, पण भत्ता जाईल हे निश्चित होते.

म्हणून मॅडम, सहभाग वाढवण्यासाठी पहिली गोष्ट करायची ती फलक लावण्याची नव्हे, तर एक कागद लिहून घेण्याची आहे. तपासणीत काहीही निघाले तरी त्या कारणाने कुणाची नोकरी जाणार नाही. प्रकृतीमुळे काम बदलावे लागले तर ठरलेल्या मुदतीपर्यंत पगार आणि भत्ते पूर्वीचेच राहतील. आणि प्रकृती सुधारल्यावर मूळ जागेवर परत घेण्याची वेळ व पद्धत अमुक असेल, असे त्या कागदावर मराठीत लिहिलेले असावे, त्याखाली कारखाना व्यवस्थापकांची सही असावी आणि तो कंत्राटी कामगारांनाही लागू असावा. दुसरी गोष्ट, अहवाल डॉक्टरांच्या कपाटात कुलपाखाली राहावा. आपल्या विभागाकडे “कामास योग्य”, “अमुक काळ काम बदलावे” एवढेच कळावे. कोणता रोग आहे, हे आपल्यालाही कळण्याचे कारण नाही. हे आपल्याला कठीण वाटेल, कारण आपल्याला त्यांची काळजी आहे; पण मनुष्यबळ विभागाच्या हाती आपला रोग गेला, ही भावना राहील तोवर ते येणार नाहीत.

तपासणीच्या पद्धतीविषयीही थोडे सांगतो. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसू द्यावे, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नसावी. भट्टीवरून धावत आलेल्या माणसाचा आकडा घेऊन त्याला घाबरवू नये. साखरेसाठी उपाशीपोटी येण्याची अट पाळ्यांच्या कारखान्यात निम्मी माणसे गळण्याचे कारण ठरते. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेला माणूस उपाशी थांबेलच असे नाही, आणि पहाटे साडेचारला उठून सातला भट्टीपुढे उभा राहणारा माणूस उपाशी राहूही नये. त्याऐवजी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, करावी. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही आणि ती कोणत्याही पाळीत करता येते. ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आले तर ते मधुमेहाचे लक्षण मानून डॉक्टरांनी पुढची खात्री करावी. रक्तक्षय असलेल्यांत ही तपासणी दिशाभूल करू शकते, एवढे ध्यानात ठेवावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांत ३५.५ टक्के निघाले. आपला मोल्डर एकटा नसणार, हे धरूनच चालावे.

आणि शिबिरानंतर काय? लाल वर्तुळ केलेला इंग्रजी अहवाल पाकिटात घालून हाती दिला, की कंपनीचे काम संपते. तो कागद घरी गणपतीच्या फोटोमागे जातो. ज्यांचे आकडे वाढलेले निघाले त्यांना पंधरा दिवसांत डॉक्टरांनी बंद खोलीत, मराठीत, दहा मिनिटे समजावून सांगणे, यासाठी वेळ आणि पैसा नसेल तर शिबिर घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फौंड्रीविषयी बोलतो आहोत म्हणून गुळाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. धुळीवर उतारा म्हणून कामगारांना गूळ वाटण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि ती प्रेमापोटी आलेली आहे. परंतु पोटात गेलेला गूळ फुप्फुसातील सिलिकाची धूळ बाहेर काढत नाही, आणि मधुमेही माणसाला तो रोज देणे अपायकारक आहे. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, एकदा जडला की फुप्फुस पूर्ववत होत नाही. त्यावर इलाज धूळ उडू न देणे हाच आहे. वाळू ओली राखणे, नॉकआउट व फेटलिंगला धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू ठेवणे, तोंडावर नीट बसणारा योग्य दर्जाचा मास्क देणे आणि ठरावीक काळाने छातीचे एक्स-रे व श्वासाची तपासणी करणे, हे सगळे आपल्या आरोग्य-उपक्रमांच्या यादीत सर्वांत वर असावे. धूळ ओढणारा पंखा तीन महिने बंद असेल आणि त्याच शेडमध्ये प्राणायामाचा फलक लागलेला असेल, तर कामगार त्या फलकावर विश्वास कसा ठेवतील?

तंबाखूचेही असेच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतील बहुतेकांची तंबाखू ओढण्याची नसून खाण्याची होती. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून चुना मळला जातो, हे माझ्याजवळ अनेकांनी कबूल केले आहे. ज्याच्या गालात तंबाखू आहे, त्याला थुंकण्यासाठी मास्क वारंवार खाली ओढावा लागतो. म्हणजे तंबाखू त्याला धुळीपासूनही उघडे पाडते. हे मी व्याख्यानातून कधी पटवू शकलो नाही. मास्क देताना, त्याच्यासमोर उभे राहून, एकेकाशी बोललो तेव्हा काहींना पटले. सोडू इच्छिणाऱ्यांना १८००-११२-३५६ हा शासनाचा मोफत क्रमांक द्यावा, आणि रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास पंधरा मिनिटांची विश्रांती व गरम चहा मिळेल, असे पाहावे.

---

शिरोली_मनुष्यबळ

दोघांचेही मनापासून आभार. कंत्राटी कामगारांची यादी मी आजच काढून पाहिली. शिबिराची सूचना त्यांच्या ठेकेदारांकडे दिली होती. ती पुढे गेलीच नव्हती, आणि हे मी तपासले नव्हते. डॉक्टरसाहेब, आमच्या शिबिरातही रांग टेबलाला खेटूनच होती.

एक शंका. व्यवस्थापन उद्या असे म्हणेल, की कापणे नको तर देऊ. जो येईल त्याला भेटवस्तू किंवा रोख रक्कम देऊ. असे केल्याने खरोखर फरक पडतो का?

---

उत्तर ३ : आरोग्य_अभ्यासक_पुणे

या प्रश्नावर अमेरिकेत मोठे प्रयोग झाले आहेत. तेथील परिस्थिती आपल्या फौंड्रीहून फार वेगळी आहे, तरी आपल्या बैठकीसाठी ते उपयोगी पडतील.

इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गटांत वाटले. एका गटाला आरोग्य-कार्यक्रमाचे निमंत्रण दिले, दुसऱ्याला दिले नाही. निमंत्रितांमध्येही काहींना सुरुवातीच्या तपासणीसाठी काहीच रक्कम देऊ केली नाही, काहींना १०० डॉलर आणि काहींना २०० डॉलर देऊ केले. रक्कम नसताना सुमारे ४७ टक्के आले, १०० डॉलरना ५९ टक्के आणि २०० डॉलरना ६३ टक्के. म्हणजे एकदाच करायच्या तपासणीसाठी छोटे बक्षीस उपयोगी पडते, पण ते दुप्पट केल्याने फारसे काही हाती लागत नाही.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक विचार करायला लावणारा वाटतो. जे कार्यक्रमात आले, त्यांचा वैद्यकीय खर्च आधीपासूनच कमी होता आणि सवयी आधीपासूनच बऱ्या होत्या. एका वर्षानंतर दोन्ही गटांच्या आरोग्यखर्चात किंवा सवयींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आपल्या बुधवारच्या अकरांतील नऊ जण कचेरीतील आहेत, हे वाचताना मला हेच आठवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात एका मोठ्या दुकानसाखळीच्या १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांची तुलना होती. तेथे कार्यक्रम असलेल्या ठिकाणच्या अधिक लोकांनी आपण नियमित व्यायाम करतो असे सांगितले, पण दीड वर्षानंतर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजनाचे प्रमाण, गैरहजेरी आणि खर्च यांत लक्षणीय फरक आढळला नाही. विशेष म्हणजे, कार्यक्रमाचा एक तरी भाग पूर्ण करणारे तेथेही सुमारे ३५ टक्केच होते. त्यामुळे आपल्याकडे कमी माणसे येतात म्हणून आपल्यातच काही उणे आहे, असे मानू नये.

माझी सूचना अशी, की “किती आले” हा आकडा बैठकीत मांडणे थांबवावे. त्याऐवजी तीन प्रश्न ठेवावेत: कोणत्या विभागातून कोणीच आले नाही, ज्यांचे आकडे वाढलेले निघाले त्यांतील किती जण डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा आले, आणि गेल्या तीन महिन्यांत कामाच्या जागेत काय बदलले. शेवटच्या प्रश्नावर मी विशेष भर देतो. ब्रिटनमधील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२४ मधील अभ्यासात ताण हाताळण्याचे वर्ग, ॲप, ध्यान यांसारख्या व्यक्तीला उद्देशून केलेल्या उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात जवळजवळ काहीच फरक दिसला नाही, आणि लेखकाने कामाच्या रचनेतच बदल करण्याकडे लक्ष वेधले.

पावलांच्या स्पर्धेविषयी एक तपशील: दहा हजार हा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून ठरलेला नव्हता. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजण्याचे जे यंत्र बाजारात आले, त्याचे नावच “दहा हजार पावले मोजणारे” अशा अर्थाचे होते आणि तेथून तो रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. आठ तास पायांवर राहून वर वैरणीचा भारा वाहणाऱ्या माणसाला चालण्याची स्पर्धा नको आहे; त्याला बसायला जागा आणि पुरेशी झोप हवी आहे.

---

उत्तर ४ : पतसंस्था_सांगली

मी कारखान्यातील नाही, त्यामुळे थोडक्यात लिहितो. कर्जाचे हप्ते थकलेले कामगार आमच्यापुढे येतात, तेव्हा त्यांच्या तोंडून झोप न येणे, जीव नकोसा होणे असे शब्द अनेकदा ऐकतो. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तो चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तो सूचनाफलकावर लावू नका, कारण तिथे उभे राहून कुणी टिपून घेत नाही. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.

---

उत्तर ५ : कोअरशॉप_ताई

आतापर्यंतची सगळी उत्तरे वाचली. त्यांत आम्हा बायकांचा उल्लेख आला नाही म्हणून लिहिते. मी एका फौंड्रीच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करण्याच्या विभागात, पर्यवेक्षक आहे आणि माझ्या हाताखाली सव्वीस जणी काम करतात.

आमच्याकडे शिबिर झाले तेव्हा रक्त घेणारे दोघेही पुरुष होते आणि आडोसा नव्हता, चौघीजणी गेल्या. पुढच्या वेळी मी महिला डॉक्टर मागितल्या आणि विश्रांतीच्या खोलीत, दुपारच्या सुट्टीला जोडून अर्धा तास मागितला. सव्वीसपैकी चोवीस आल्या. पैकी अनेकींचे हिमोग्लोबिन कमी निघाले, आणि त्यात नवल नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. पण त्याच खोलीत, दार लावल्यावर, डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: दिवसभरात पाणी किती पिता? तेव्हा कळले, की बहुतेकजणी सकाळपासून तीन वाजेपर्यंत पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि जाताना भट्टीवरच्या सगळ्यांसमोरून जावे लागते. लघवीची जळजळ हे त्यांना नेहमीचेच वाटत होते. आम्ही कोअर शॉपला लागून दुसरे स्वच्छतागृह मागितले. ते बांधायला सात महिने लागले, पण झाले. माझ्या दृष्टीने आमच्याकडचा सर्वांत मोठा आरोग्य-उपक्रम तोच आहे, जरी त्याचे कुणी छायाचित्र काढले नाही.

चहाचेही सांगते. आमच्याकडे साखर घालूनच उकळलेला चहा एका किटलीतून येई. ज्याला साखर वर्ज्य, त्याने चहा सोडावा किंवा तोच प्यावा. आता दोन किटल्या येतात. बिनसाखरेच्या किटलीच्या कडीला लाल दोरा बांधलेला असतो. सुरुवातीला त्या किटलीपाशी जायला माणसे संकोचत, कारण त्यावरून साखर असल्याचे सगळ्यांना कळले असते. तेव्हा मी आणि दोन्ही पाळ्यांच्या पर्यवेक्षकांनी त्याच किटलीतला चहा घ्यायला सुरुवात केली. हळूहळू कोण कोणत्या किटलीतला घेतो, याकडे बघणे थांबले.

---

शिरोली_मनुष्यबळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बक्षीस कापण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला. लेखी हमीचा मसुदा कारखाना व्यवस्थापकांकडे आहे. नोकरी न जाण्याची आणि मूळ जागेवर परत घेण्याची कलमे त्यांनी मान्य केली आहेत, भत्ता किती महिने चालू ठेवायचा यावर बोलणे चालू आहे आणि ठेकेदारांकडील कामगारांच्या बाबतीत त्यांनी अजून होकार दिलेला नाही. तो मिळवल्याशिवाय मी शिबिराची तारीख काढणार नाही, असे सांगून ठेवले आहे. बुधवारचा योगवर्ग ज्या अकरांना हवा आहे त्यांच्यासाठी चालू राहील. फेटलिंगचा धूळ ओढणारा पंखा दुरुस्तीच्या यादीत गेल्या दिवाळीपासून होता. तो पंधरवड्यापूर्वी सुरू झाला.

मोल्डरच्या गावी मी पुन्हा जाऊन आले. या वेळी शिबिराचा विषय काढला नाही. डॉक्टरसाहेबांनी सुचवलेला कागद काय आहे, तेवढे सांगितले. त्याने तो मसुदा दोनदा वाचून घेतला आणि मग आत जाऊन डब्याची पिशवी आणली. तिच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी होती. साखर असल्याचे त्याला तीन वर्षांपासून ठाऊक होते. औषध तो कोल्हापुरातून आणत असे, कारण गावातल्या दुकानात कंपनीतली माणसे येतात, आणि जोडपाळी (लागोपाठ दोन पाळ्या) लागली की दुपारची गोळी घ्यायला आडोसा मिळत नसे. मार्चमधल्या त्या आठवड्यात त्याला सलग चार जोडपाळ्या होत्या. हे मी हजेरीपटावरून ताडून पाहिले. चार नव्हे, पाच होत्या.

जोडपाळ्यांचा हा विषय घेऊन मी सोमवारी उत्पादन विभागाकडे जाणार आहे. मोल्डरने एकच गोष्ट विचारली: डॉक्टर दुसऱ्या पाळीलाही बसतील का? पहिल्या मंगळवारी सायंकाळी पाच ते सात अशी वेळ ठरवून आले आहे.